निरोप नसलेला दूत

१

दूतकाव्याच्या परंपरेचा विचार करताना दूताने नेलेल्या संदेशाकडे समीक्षेचे लक्ष जितके गेले आहे, तितके ते स्वतः दूताकडे गेलेले नाही. मेघ, हंस, शुक, कोकिळ हे दूत कवीला हवा असलेला मार्ग उपलब्ध करून देतात. त्या मार्गावरील नद्या, नगरे आणि देवालये यांच्या वर्णनाला अवसर देतात. आणि संदेश पोचविण्याची वेळ आली की त्यांचे कार्य संपते. दूत मुळात कोठून आला होता, विरही नायकाने विनंती केली नसती तरी तो त्याच दिशेने गेला असता काय, वाटेत त्याचे काय झाले, हे प्रश्न या काव्यप्रकारात उद्भवत नाहीत. ते उद्भवावेत अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल, कारण तेथे प्रवास पक्ष्याचा असला तरी अनुभव माणसाचा आहे. परंतु विसाव्या शतकात पक्ष्यांच्या स्थलांतराचे जे शास्त्र वाढले, आणि त्या शास्त्राच्या सान्निध्यात जे गद्य निर्माण झाले, त्याने नेमके हेच प्रश्न मध्यभागी आणले. या गद्याचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांनी करावयाचे, याचा विचार मराठीत तरी फारसा झालेला नाही.

प्रथम परंपरेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. 'मेघदूता'त कालिदासाने मेघाला राजहंसांची सोबत दिली आहे. वर्षाऋतूची चाहूल लागताच कोवळ्या कमळदेठांचे तुकडे शिदोरी म्हणून घेऊन हे हंस मानससरोवराकडे निघतात, आणि क्रौंच पर्वतातील खिंडीतून उत्तरेस जातात. येथे दिशा बरोबर आहे. पर्वतराजी ओलांडून पलीकडे जाण्याची कल्पनाही वस्तुस्थितीला धरून आहे. काळ मात्र जुळत नाही. कवींच्या हंसाशी ज्याचे नाते अनेक अभ्यासकांनी जोडले आहे, तो पट्टकादंब भारतात हिवाळा काढून मार्च-एप्रिलच्या सुमारास उत्तरेकडे परततो. आषाढातल्या मेघाची वाट पाहत तो थांबत नाही. वेदान्तदेशिकांच्या 'हंससंदेशा'त पावसाळा सरल्यानंतर राम हंसाला दक्षिणेकडे, लंकेतील सीतेकडे पाठवितो. तेथे काळ आणि दिशा या दोहोंचा मेळ निसर्गाशी आपोआप बसतो. पण तो बसला म्हणून 'हंससंदेश' 'मेघदूता'हून श्रेष्ठ ठरत नाही. दूतकाव्यातील पक्षी हा संकेताने सिद्ध झालेला पक्षी आहे. त्याची सत्यता निरीक्षणावर अवलंबून नाही, आणि म्हणून निरीक्षणाने ती खोटीही पडत नाही.

अनुवादकाला या संकेताचे बळ चांगलेच जाणवते. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके अशा निरनिराळ्या प्रकृतीच्या कवींनी 'मेघदूत' मराठीत आणले. त्यांपैकी कोणालाही हंस म्हणजे नेमका कोणता पक्षी या विवंचनेत पडण्याचे कारण नव्हते. शब्द संस्कृतातून मराठीत जसाच्या तसा येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे सारे वलयही येते. याउलट पक्षिशास्त्राच्या आश्रयाने लिहिलेल्या गद्याचा अनुवादक पहिल्याच परिच्छेदात अडतो. कारण तेथे पक्ष्याचे नाव चुकले की विधान चुकते.

२

या दोन प्रकारच्या पक्ष्यांची गाठ जेथे पडते असे एक स्थळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहे. बंगालच्या उपसागरालगत दक्षिणेकडे येणारा किनारा ज्या ठिकाणी जवळजवळ काटकोनात पश्चिमेकडे वळतो आणि पाल्कची सामुद्रधुनी सुरू होते, ते टोक म्हणजे कोडिक्करै. इंग्रजी नकाशांनी त्याला पॉइंट कॅलिमेर असे नाव दिले. येथील अभयारण्य १९६७ मध्ये मुख्यतः काळविटांसाठी घोषित झाले. सभोवतालची दलदल, खाजणे आणि मिठागरे यांसह या प्रदेशाचा २००२ मध्ये रामसर कराराखालील पाणथळ जागांत समावेश झाला. याच परिसरातील वेदारण्यम् येथे १९३० मध्ये राजगोपालाचारींनी मिठाचा सत्याग्रह केला होता.

वाङ्मयाच्या दृष्टीने कोडिक्करै ही निघून जाण्याची जागा आहे. तेथील एका उंचवट्यावर रामाची पावले दाखवितात, आणि येथूनच त्याने लंकेकडे दृष्टी टाकली असे लोक सांगतात. कल्कींच्या १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पोन्नियिन् सेल्वन्' या कादंबरीत वंदियदेवन लंकेला जाण्यासाठी येथेच येतो, येथल्या चिखलात रुततो, आणि पूंगुळली ही नाविक कन्या त्याला प्रथम त्या चिखलातून आणि मग समुद्रावरून पार नेते. संघकालीन तमिळ काव्यशास्त्राने तर किनारा हा एक स्वतंत्र भावप्रदेशच मानला. 'नेय्दल' या तिणैत समुद्रतीर, तेथील फुले, तेथील पक्षी आणि दूर गेलेल्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे झुरणे ही सर्व एकमेकांना बांधलेली आहेत. ए. के. रामानुजन यांच्या १९६७ च्या इंग्रजी अनुवादांमुळे ही व्यवस्था तमिळेतर वाचकांनाही परिचित झाली. प्रत्येक भूमीला तिचा म्हणून एक पक्षी असतो, हे या व्यवस्थेतील एक गृहीत आहे.

हिवाळ्यात कोडिक्करैच्या चिखलावर जे दृश्य दिसते ते या गृहीताला धक्का देणारे आहे. महाराष्ट्रात हिवाळा म्हणजे कोरडी थंडी. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. दलदलीत पाणी चढते, ओसरते, आणि ओल्या चिखलावर रोहित पक्ष्यांच्या थव्यांच्या पायाशी असंख्य लहान पाणपक्षी धावताना दिसतात. त्यांत छोटा टिलवा असतो. वीस ते तीस ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याला तमिळमध्ये 'कोसु उळ्ळान' म्हणतात. 'कोसु' म्हणजे डास. खाली वाकलेल्या चोचीचा, त्याच्याहून थोडा मोठा टिलवाही त्याच्या सोबतीला असतो. या दोघांचीही घरटी ध्रुवप्रदेशालगतच्या वृक्षहीन भूमीवर असतात. वाकड्या चोचीच्या टिलव्याची तर सैबेरियाच्या उत्तर टोकाला. नेय्दलच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी नेय्दलचा नाही, आणि वर्षातील बरेच महिने येथे राहत असल्यामुळे तो केवळ सैबेरियाचाही म्हणता येत नाही.

तमिळमध्येच अशा पक्ष्याला उद्देशून लिहिलेली एक जुनी कविता आहे. कावेरीच्या खोऱ्यातील सत्तिमुत्तम् या गावाचा एक दरिद्री कवी मदुरेत थंडीने कुडकुडत असताना, कुमारीला स्नान करून जोडीने उत्तरेकडे जाणाऱ्या लाल पायांच्या करकोच्याला आपल्या बायकोसाठी निरोप सांगतो. ही कविता दूतकाव्याच्या जातीची आहे. पण त्या पक्ष्याच्या उघड्या चोचीला कवीने दिलेली ताडाच्या दुभंगलेल्या कोंबाची उपमा इतकी नेमकी आहे की निसर्ग-अभ्यासकांना तीवरून हिवाळी पाहुणा असलेला पांढरा करकोचा ओळखता येतो. निरोप सांगण्याच्या घाईतही या कवीने दूताकडे पाहिले होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे पाहणे फार महत्त्वाचे आहे.

३

पक्ष्याच्या पायात कडे घालण्याची शास्त्रीय पद्धत १८९९ मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने सुरू केली. त्याने साळुंकीच्या जातीतील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. त्यापूर्वी स्थलांतराचा पुरावा योगायोगानेच मिळे. १८२२ मध्ये जर्मनीत मारलेल्या एका करकोच्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा बाण रुतलेला आढळला, आणि हिवाळ्यात दिसेनासे होणारे पक्षी कोठे जातात याचे एक उत्तर त्या बाणानेच दिले. भारतात हे काम १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. माणसांनाही झालेल्या त्या रोगाच्या विषाणूचे रशियातील एका विषाणूशी साम्य आढळल्यामुळे, स्थलांतर करणारे पक्षी गोचिड्यांबरोबर तो आणतात की काय अशी शंका आली. तिच्या निरसनासाठी १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठा कार्यक्रम सुरू झाला. शंकेला आधार मिळाला नाही. पण कडी घालण्याचे काम टिकले, आणि कोडिक्करै हे त्याचे एक प्रमुख केंद्र झाले.

या कामाची रीत साधी आहे. चिखलावर उभारलेली बारीक, सहजासहजी न दिसणारी जाळी वरचेवर तपासतात. अडकलेला पक्षी सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग जात ओळखणे, पिसांच्या कडांवरून यंदाचे पिल्लू की प्रौढ हे ठरविणे, पंख आणि चोच मोजणे, वजन घेणे. पंखांतील दहा मोठ्या पिसांपैकी प्रत्येकाला शून्य ते पाच असा अंक देतात: जुन्या पिसाला शून्य, पूर्ण वाढलेल्या नव्या पिसाला पाच. शेवटी कडे पायाभोवती चिमट्याने मिटवितात आणि पक्षी सोडून देतात. पक्षी धरण्याचे कसब या कामाला मोठ्या प्रमाणावर बिहारमधील मीरशिकारांकडून मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या विक्रीसाठी पक्षी पकडणाऱ्या त्या समाजातील अली हुसेन यांचे नाव सोसायटीच्या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. वाल्मीकीच्या शापाने ज्याची कथा सुरू होते त्या निषादाचे ज्ञान येथे पक्षी जिवंत सोडण्याच्या उपयोगी पडले. या ज्ञानाला स्वतःचे लेखन मात्र नाही. ते इतरांच्या नोंदींतून अप्रत्यक्षपणेच वाचावे लागते.

आता कड्यावरील मजकूर पाहावा. सोसायटीच्या जुन्या कड्यांवर एक क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवा अशा अर्थाचे थोडे इंग्रजी शब्द असत. त्याहून अधिक काही कोरण्यास जागाच नसते. दूतकाव्याच्या शेजारी हा मजकूर ठेवला की त्यातील उलटापालट स्पष्ट होते. यक्षाला आपला वाचक ठाऊक आहे. तिचे घर, दारातील झाड आणि तिची विरहातील अवस्था यांचे वर्णन तो करू शकतो. कडे घालणाऱ्याला आपला वाचक कोण हे माहीत नाही. तो सैबेरियातील शिकारी असेल, एखाद्या खाडीवरचा कोळी असेल, किंवा कधीच कोणी नसेल. यक्षाच्या दूताजवळ निरोप आहे. या दूताजवळ केवळ उत्तराची मागणी आहे. शिवाय येथे दूत आणि निरोप वेगळे काढता येत नाहीत. जे कळावयाचे ते सर्व पक्ष्याच्या असण्यात आहे: तो येथे आहे, जिवंत अथवा मृत, आणि अमुक दिवशी तो अन्यत्र होता. घातलेल्या कड्यांपैकी फारच थोड्यांचे उत्तर येते.

४

या दोन नोंदींच्या मधल्या जागेत गद्यलेखकाने काय करावे, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. स्थळ आणि दिनांक एका टोकाला, स्थळ आणि दिनांक दुसऱ्या टोकाला. मध्ये हजारो मैलांचे मौन. ते मौन भावनेने भरून काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. घरट्याची ओढ, वाटेतील हाल, परतीचा आनंद हे शब्द लेखणीवर तयारच असतात. पण ते वापरले की कड्याने जे नव्याने कळविले ते जुन्या संकेतात विरघळून जाते, आणि पक्षी पुन्हा माणसाचा निरोप्या होतो.

भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या वादाचा येथे उपयोग होण्यासारखा आहे. आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा ध्वनी मानला. अकराव्या शतकातील महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून, ध्वनी म्हणून जे सांगितले जाते ते वस्तुतः अनुमानच होय, असे प्रतिपादन केले. काव्याच्या बाबतीत परंपरेने महिमभट्टाचा पक्ष बहुधा अमान्य केला. परंतु निरीक्षणाधिष्ठित गद्याच्या बाबतीत त्याचे म्हणणे फेरविचाराला पात्र आहे.

वाकड्या चोचीच्या टिलव्याचे उदाहरण घ्यावे. हिवाळ्यात पकडलेल्या पक्ष्यांत यंदाच्या पिलांचे प्रमाण काही वर्षी भरपूर, तर काही वर्षी अगदी नगण्य असते. अभ्यासकांनी या चढउताराचा संबंध सैबेरियातील लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या संख्येशी जोडला आहे. लेमिंग विपुल असतात तेव्हा कोल्हे त्यांच्यावर पोसले जातात. लेमिंग घटले की ते पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतात, आणि त्या वर्षी दक्षिणेकडे पिल्ले येत नाहीत. म्हणजे उष्ण कटिबंधातील एका किनाऱ्यावर, पिसांच्या कडा पाहून केलेल्या अंकांच्या नोंदीत, कोणी न पाहिलेल्या एका उन्हाळ्याची हकीकत उमटते. ही प्रक्रिया पूर्णतः अनुमानाची आहे. तिच्यात धूर आहे आणि अग्नीही आहे. तरी तिचा वाचकावर होणारा परिणाम अनुमानाच्या समाधानापाशी थांबत नाही. पिल्ले नसलेला थवा पाहताना जी अनुपस्थिती जाणवते, तिला ध्वनी याहून योग्य शब्द सापडणे कठीण आहे.

यावरून एक कसोटी निघते. या जातीच्या गद्यात अनुमानाची साखळी जितकी स्वच्छ राहील तितका ध्वनी खोल उमटेल. लेखकाने मध्येच भावनेचा शब्द घातला की साखळी तुटते आणि ध्वनीही मंदावतो. काव्यात जे कार्य संकेत करतो ते येथे पुराव्याने करावयाचे असते.

५

ही कसोटी काही प्रत्यक्ष लेखनाला लावून पाहता येईल. सालिम अली यांचे १९८५ मधील 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र शीर्षकापासूनच एका नावाच्या शोधाची कथा आहे. गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी एका मुलाने मारली. ती कोणती हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून तो सोसायटीच्या कार्यालयात गेला. पुढे याच गृहस्थाने १९३० मध्ये कुलाबा जिल्ह्यातील किहीमच्या किनाऱ्यावर सुगरणीच्या संसाराचे केलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यांचे गद्य कोरडे, किंचित थट्टेखोर आणि विशेषणांबाबत काटकसरी आहे. अनुमानाची स्वच्छता त्यात पुरेपूर आहे. उणीव अशी की लेखक बहुधा अनुमानाच्या निष्कर्षापाशी थांबतो. तो निष्कर्ष वाचकाच्या मनात रुजण्यासाठी जो अवकाश लागतो तो सोडण्यापूर्वीच पुढील प्रसंग सुरू होतो. ही वृत्तान्तलेखकाची शिस्त आहे, आणि तिची मर्यादाही.

जे. ए. बेकर या इंग्रज लेखकाचे १९६७ मधील 'द पेरेग्रिन' हे याच्या दुसऱ्या टोकाचे पुस्तक. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका हिवाळ्यात बहिरी ससाण्याचा केलेला पाठलाग, अशी त्याची दैनंदिनीवजा रचना आहे; प्रत्यक्षात दहा हिवाळ्यांचा अनुभव त्यात एकवटला आहे. भाषेची धार असामान्य आहे. पण दहा हिवाळे एका हिवाळ्यात घातले की दिनांक हा पुरावा न राहता अलंकार होतो, आणि निरीक्षक ससाण्याशी एकरूप होण्याच्या ओढीने शेवटी आपल्याच एकाकीपणाचे गीत गातो. जाणकारांनी त्यातील निरीक्षणांविषयी शंका घेतल्या त्या याच कारणाने. पुस्तकाची थोरवी नाकारण्याचे प्रयोजन नाही. मात्र ती दूतकाव्याच्या वंशातील थोरवी आहे, हे ओळखले पाहिजे.

मराठीत या क्षेत्रातील मोठे नाव मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ ते २०२५ या दीर्घ आयुष्यातील बराच काळ त्यांनी वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या जंगलांत काढला. 'पक्षी जाय दिगंतरा'पासून 'पक्षिकोशा'पर्यंत त्यांनी केलेले सर्वांत मोलाचे कार्य नावांचे आहे. संस्कृत ग्रंथांतील, आदिवासींच्या बोलींतील आणि शिकाऱ्यांच्या तोंडची नावे एकत्र आणून त्यांनी मराठी गद्याला पक्ष्यांविषयी बोलण्याचे सामर्थ्य दिले. त्यांच्या लेखनातील अडचणही याच संपन्नतेतून येते. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले यांना काही ठिकाणी एकच सूर मिळतो, आणि दंतकथा कोठे संपली व निरीक्षण कोठे सुरू झाले हे वाचकाला कळत नाही. दंतकथेला या गद्यात जागा नसावी असे नव्हे. तिचे कडे वेगळे असावे, एवढेच.

शिवाय त्यांचे जग मुख्यतः अरण्याचे आणि तलावांचे आहे. मराठी भाषेला मोठा किनारा लाभला असून ठाणे खाडीतील रोहित पक्षी आता मुंबईकरांच्या परिचयाचे झाले आहेत; परंतु चिखलावरच्या लहान, करड्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांसाठी मराठी गद्याजवळ अद्याप सहज वापरता येणारे शब्द थोडेच आहेत. टिलवा, तुतवार ही नावे यादीत आहेत, वाक्यात रुळलेली नाहीत. डासाची उपमा नावातच साठविणाऱ्या तमिळ शब्दाशी तुलना केली म्हणजे, किनाऱ्यावर राहणाऱ्यांची भाषा लेखनात आल्याशिवाय ही उणीव भरून निघणार नाही, हे पटते.

६

या विवेचनाचा संबंध केवळ शैलीशी नाही. वाकड्या चोचीच्या टिलव्याची नोंद २०२४ मध्ये जागतिक यादीत 'असुरक्षित' या वर्गात झाली आहे. कोडिक्करैच्या दलदलीत गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा जो तोल होता तो मिठागरांच्या विस्ताराने व इतर कारणांनी बदलला. जुन्या नोंदींतील थव्यांच्या मानाने पुढील काळातले थवे लहान आढळले. हे कळले ते दशकानुदशके चाललेल्या कडी घालण्याच्या आणि मोजणीच्या कंटाळवाण्या कामामुळे. संकेताने सिद्ध झालेला हंस कधी कमी होत नाही. खऱ्या मानससरोवराकडे एकही हंस गेला नाही तरी काव्यातील हंस दरवर्षी जाईल. पण पुराव्याने सिद्ध झालेल्या पक्ष्याला न येणे शक्य असते. एखाद्या वर्षी तो आला नाही, तर त्याचे न येणे सांगू शकेल असे गद्य आधीपासून तयार असावे लागते, आणि ते एका रात्रीत तयार होत नाही.

वाकड्या चोचीच्या टिलव्यांतील प्रौढ पक्षी उत्तरेकडून आधी निघतात; पिल्ले मागाहून, कोणी वाट दाखविणारे नसताना, पूर्वी कधी न पाहिलेल्या किनाऱ्याकडे येतात. पहिला उन्हाळा त्यांपैकी अनेक जण परत न जाता दक्षिणेतच काढतात. दूतकाव्यात याला जागा मिळाली नसती, कारण या प्रवासात कोणाचा निरोप नाही, कोणी वाट पाहत नाही, आणि विरहही नाही. तरीही कोडिक्करैच्या चिखलावर, कापडी पिशवीतून बाहेर काढलेल्या अशा पिलाच्या पायाभोवती कडे मिटविताना माणसाने त्याच्याकडे काही मागितलेले असते. ते मागणे किती अल्प आहे आणि उत्तर येण्याची शक्यता किती थोडी, हे एकही शब्द वाढवून न घेता सांगता येणे, ही या गद्याची पुढील परीक्षा राहील. आणि तमिळ, मराठी व इतर भारतीय भाषांतील अनुवादकांनी ती एकमेकांच्या साहाय्याने द्यावयाची आहे.